मान वर

मालन ऐवळे, वय बेचाळीस, मणेराजुरी.
केसपेपरवर मी लिहिते : डोकेदुखी, तीन वर्षं.
"वर्सं न्हाईत वो, तीन थिनिंगं."
तिचं कॅलेंडर द्राक्षांचं आहे.

आधी पित्त म्हणून कोकम झालं,
मग दृष्ट म्हणून मीठ-मोहऱ्या,
मग चष्मा. तो सध्या देव्हाऱ्यात असतो.
आणि किराणा दुकानातली पांढरी गोळी,
आठवड्याला एक, मग रोज, मग दोन.
"आता गोळी चुकली तर त्येनंच दुकतंय."
माझ्या पुस्तकात याला तीन पानं लागली होती.

विचारायचं ते विचारते :
कधी अचानक, वीज पडल्यासारखं?
हात बधिर? एकाचे दोन दिसतात?
तसं असेल तर ही खोली नव्हे,
थेट सांगलीचं सिव्हिल.
न्हाई. न्हाई. न्हाई.
मग सुरू कुठून होतं?

ती हात मागं नेते, अंबाड्याखाली,
तिथून बोट कानावरून फिरवत
डोळ्यामागं आणून थांबवते,
पाव्हण्याला पाणंद दाखवावी तसं.

कवटी जिथं मानेवर टेकते
तिथं माझ्या अंगठ्याला सुपारीएवढी गाठ लागते.
दाबते.
"अगं बया! डोळ्यात आलं की!"
दुखणं डोक्यात राहतंय, मी म्हणते,
पण त्याचं गाव मानेत आहे.

दिवसभर काय करता?
ती उठून उभी राहते.
हात वर, मान मागं,
बंद पंख्याखाली
नसलेल्या कात्रीनं
नसलेल्या घडातले मणी गाळू लागते.
आठ तास.
मांडव सहा फुटांवर, मालन पाचाच्या आत.

"बाईनं मान वर करून बोलू न्हाई म्हनत्यात,
आन् रोजगार तर मान वर केल्याबिगर न्हाई."
ती हसते. मला जमत नाही.

पुस्तक म्हणतं, काम बदला.
ते वाक्य मी गिळते.

हनुवटी आत. खाली नाही, मागं.
कुणी नको तो हात लावायला आलं तर घ्याल तशी.
"तशी व्हय!" आणि पहिल्याच फटक्याला बरोबर.
दहादा, जेवणाच्या सुट्टीत.
उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी.
गोळी डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी.
आणि पायाखाली एक पालथा क्रेट.

चौथ्या आठवड्यात येते, डोक्याला फडकं नाही.
किती कमी?
"निम्मं."
मी टक्के लिहीत नाही, निम्मं लिहिते.

मग सांगते, आता अकरा जणी
बांधावर ओळीनं उभ्या राहून हनुवट्या मागं ओढतात.
मुकादम बघत राहिला, म्हणाला,
"कुनाला नको म्हनताय गं समद्या?"
क्रेट फुटला तर पैसे कापीन, असंही म्हणाला.

"मग?"

"मग काय. उतरले न्हाई."