पुठ्ठ्याचं शहर, खरा घोडा

मालाडला, लिंक रोडच्या मागच्या बिल्डिंगीत,
रात्री दहा ते सकाळी सात
आमचं काम भिंतींवर आपटायचं.
कुठली भिंत पोकळ लागते, कुठे माणूस
गुडघ्यापर्यंत जमिनीत रुततो, ते लिहून ठेवायचं.
ह्याचे पैसे मिळतात.
आईला अजून पटलेलं नाही.

त्या वर्षी टेबलावर दोन खेळ होते.
माझ्याकडे घोड्याचा, आग्नेलकडे शहराचा.

घोडा खरा म्हणजे किती खरा,
थंडीत नाकपुड्यांतून वाफ यायची,
दोन दिवस खरारा चुकला तर अंगावर चिखल वाळायचा,
आणि खाटीक, ज्याच्याशी मी परवा उगाच हुज्जत घातली,
आज मला बघून सुरा जरा जोरात आपटायचा.
एकदा अख्खा तास ओढ्याकाठी बसले.
रिपोर्टात लिहिलं: पाणी तपासलं.

पण मिशन सुरू झालं की संपलं.
सरदार पुढे, मी मागे, मध्ये पिवळी रेघ.
वीस पावलं डावीकडे गेले,
करवंदं दिसली म्हणून, बाकी काही नाही,
तर पडदा काळा, त्यावर लाल अक्षरं:
साथीदारांना सोडून गेलात. पुन्हा सुरुवात करा.
एवढं मोठं रान
आणि माझ्या गळ्यात दावं.

आग्नेल हसायचा. त्याचं शहर पुठ्ठ्याचं.
पिवळ्या शर्टातला एकच काका
अकरा नाक्यांवर रस्ता ओलांडायचा,
बेकरीचं दार नुसतं रंगवलेलं,
पाऊस पडायचा आणि कुणी भिजायचं नाही.
पण काम सांगायचं एका ओळीत:
चौथ्या मजल्यावरची पेटी आण.
कशी, ते तुझं तू बघ.
तो पाइपावरून चढला. आगीची घंटा वाजवून चढला.
एकदा पुष्पचक्र घेऊन, मयताचा माणूस म्हणून शिरला,
तर वॉचमनने टोपी काढली.

"तुझ्या काकाला चेहरा नाही."
"तुझ्या घोड्याला मर्जी नाही."
चहाच्या मशीनपाशी हे तीन महिने.

मार्चमध्ये त्याचे पप्पा गेले.
दाखल्यावर बस्त्यावचं बसवराव झालं,
आणि बँकेने हात वर केले.
शिफ्ट सुटल्यावर आम्ही वॉर्ड ऑफिसात.

खिडकी सात म्हणाली, आधी तीनवर जा.
तीन म्हणाली, सातचा शिक्का कुठाय?
काय जग होतं ते! पंख्याचा एक पाता वाकडा,
गोंदाची बाटली उलटी ठेवलेली,
बाईंच्या नखांवर अर्धी उतरलेली मेंदी,
कुणाच्यातरी डब्यात मेथी.
एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही.
मी दोन मिनिटं पाणी प्यायला गेले,
आले तर नंबर पुढे गेलेला.
लाल अक्षरं दिसली नाहीत एवढंच.

आग्नेल खिडकीचे गज बघत होता.
मला माहीत होतं तो काय मोजतोय:
पाइप, घंटा, फुलं.
पण तो नुसता उभा राहिला.
शेवटी बाईंनीच विचारलं, "बस्त्याव म्हणजे काय हो?"

आणि ऑफिसात घरचं कधी न बोलणारा आग्नेल
सांगत सुटला: मनोरीत तीन बस्त्याव,
पप्पा होड्या रंगवायचे, कुणाचीही असो,
काठाला एक पट्टा निळा मारायचेच,
म्हणून निळा बस्त्याव. नाखवा भांडायचे,
मग पुढच्या वर्षी परत त्यांच्याचकडे यायचे.
बाईंचं पेन हवेत. मागची रांग चुळबुळली.
त्यांनी कागद पालथा केला, सुलटा केला.
"उद्या या," म्हणाल्या. "साहेब उद्या आहेत."

मार्वेच्या धक्क्यावर त्याने मला कोपर मारलं.
पिवळ्या शर्टातला एक माणूस रस्ता ओलांडत होता.
"चेहरा बघ," म्हणाला.
बघितला. दाढी करताना हनुवटीला कापलेलं,
त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला,
वाऱ्याने फडफडणारा.
आम्ही तो वळेपर्यंत बघत राहिलो.
तेवढ्यात बोट सुटली.