भावाचं वय

पाटोवर, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत पडतं. थेंबाला थेंब, मोजून.
मालीमच्या जेटीवर असं मोजून काही होत नाही.
पावणी सुटते तेव्हा सुटते.
कायतान फुर्ताद ओल्या अंगठ्याने मोबाइलवर लिहितो:
बांगडा, किलोला एकशे ऐंशी.
वेळ आपोआप पडते.
३:५२. ३:५३. ४:२०. मग एकदम ५:११.

आणि हॉटेलवाल्यांना हवा
दर पंधरा मिनिटांचा भाव.

म्हणून मी आधी नुसतीच एक शिडी उभी करते:
चार, सव्वाचार, साडेचार, पावणेपाच
(या पायऱ्या आपल्या भाषेत आधीपासूनच होत्या)
आणि प्रत्येक पायरीला सांगते,
मागे वळून बघ,
तुझ्याआधीची सगळ्यात जवळची नोंद शोध,
तिचा भाव आपला म्हणून सांग.

पहिल्या दिवशी एक विसरले.
सर्व्हर ग्रिनिचच्या घड्याळाने जगतो.
अहवालात पहाटे चारचा बांगडा
आदल्या रात्री साडेदहाला विकला गेला.
नाईकसाहेब म्हणाले, इतका ताजा मासा
गोव्यात कुणी खाल्ला नसेल.

साडेपाच तास मिळवले. सगळं जुळलं.

मग तो बुधवार.
सव्वासहा, एकशे ऐंशी.
साडेसहा, एकशे ऐंशी.
पावणेसात, सात, सव्वासात, साडेसात, एकशे ऐंशी.
आलेखावर बांबूसारखी आडवी रेघ.
आणि पावणेआठला धाडकन पंच्याण्णव.

फोन लावला. कायतान, सहा पाचनंतर भावाचं काय झालं?

"भाव पावलो गो, सात वाजतां."

माझ्याकडे तर सातलाही एकशे ऐंशीच आहे.

पलीकडे बराच वेळ नुसते कावळे, बर्फाचं मशीन.
मग तो सावकाश म्हणाला, जणू मीच नवखी:
म्हजो भाव. मिंगेल.
रात्रीपासून ट्रॉलर लागत नव्हता,
वायरलेस बंद.
सहानंतर कुणी बोली लावली नाही.
पाट्या तशाच. सगळी जेटी आग्वादच्या बाजूला बघत उभी.
सातला डोलकाठी दिसली.
मागोमाग आणखी दोन ट्रॉलर, गळ्यापर्यंत बांगडा.
इतका मासा एकदम उतरला,
भाव पडणारच.

मी फोन ठेवला.
सहा पायऱ्यांवर मी ठामपणे लिहिलं होतं, एकशे ऐंशी.
विकणारा नाही, घेणारा नाही,
आणि स्थिर भाव.

क्वेरी चुकीची नव्हती. आजही तीच चालते.
फक्त शेवटी एक रकाना जोडलाय,
त्या पायरीची वेळ वजा खऱ्या नोंदीची वेळ.
दहा मिनिटं. पंचवीस. चाळीस.
पंचावन्न. सत्तर. पंच्याऐंशी.
रकान्याला नाव दिलं: भावाचं वय.

नाईकसाहेबांनी चष्मा वर केला.
हे काय, कुणाच्या भावाचं?

कायतानच्या, म्हटलं.
त्यांनी तो रकाना हॉटेलवाल्यांच्या प्रतीतून काढायला सांगितला.
माझ्या प्रतीत आहे.