रिकामी जागा भरा

सोसायटी पाडणार आहेत, म्हणून ऑफिसचं कपाट उपसतोय.
इतिवृत्ताच्या वह्या, पाणीपट्टीची बिलं,
कुठल्या कुलपाची कोण जाणे, एक किल्ली.
अठ्ठ्याण्णव सालच्या वहीत अक्षर माझं.
ठराव क्रमांक सात :
सदनिका बी-अकरा प्रा. नफीसा याकूत यांस भाड्याने देऊ नये.
कारण :
आणि पुढे काहीच नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं.
कुणी म्हणालं, मच्छीचा वास. मी आगरी, मलाच हसू आलं.
कुणी म्हणालं, एकटी बाई.
कुणी तिसरंच म्हणालं, हळू, चहाच्या कपात.
मुरुडची होती ती, सिद्दी.
तिचे पूर्वज गलबतातून उतरले त्याला शतकं लोटली,
नेरूळची आमची बिल्डिंग सहा वर्षांची.
तरी गेटवर वॉचमननं विचारलं,
"मॅडम, पासपोर्ट?"

ती भांडली नाही.
दुसऱ्या दिवशी आली, काखेत छत्री.
"सेक्रेटरीसाहेब, ठरावाची प्रत हवी. शिक्क्यासह."
मी झेरॉक्स दिली. शिक्का मारला. दोन रुपये घेतले,
पावतीसुद्धा फाडली, देवाशप्पथ.

मग कानावर येत राहिलं.
विद्यापीठात कायदा शिकवणारी तिच्या समाजातली पहिलीच.
सुरुवातीला कारकून तिच्यापुढे सफाईवाल्यांचं हजेरीपुस्तक सरकवायचा,
ती रोज त्यात लिहायची : चुकीची वही. खाली तारीख.
खारघरला सुदानच्या पोरांना एका रात्री उचललं,
मूल पळवलं म्हणून. मूल मावशीकडे झोपलेलं.
ही चौकीच्या बाकावर जाऊन बसली,
मांडीवर परीक्षेचे पेपर, हातात लाल पेन,
दर अर्ध्या तासानं मान वर न करता विचारायची,
"कलम कुठलं लावलंत?"
पहाटे चारला पोरं सुटली.
तोवर अठ्ठावीस पेपर तपासून झाले होते. सात नापास.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणायचो मी.
तेवढ्यात आमची हर्षला कायद्याला गेली.
पहिल्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच उभी.
"बाबा, वर्गात फळ्याशेजारी एक कागद लावलाय.
मॅडम दर वर्षी पहिला प्रश्न तोच घालतात,
रिकामी जागा भरा.
कुणी धर्म भरला, कुणी कातडी, एकानं नुसतंच 'आम्ही'.
बाबा, खाली सही कुणाचीय?"

आतून म्हातारी ओरडली, "कंची गो ती बाय?"
माझी आई. करावे गावची. मिठागरात हाडं झिजवलेली,
तव्याच्या बुडासारखी.
सिडकोनं शेत घेतलं तेव्हा कचेरीच्या पायरीवर
'माजी काली आय' म्हणत ऊर बडवून घेतला होता तिनं.
त्या शब्दात एक रंग आहे,
हे मला चप्पल घालून उभ्या पोरीकडे बघताना कळलं.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मॅडमच्या निरोपसमारंभाला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो.
पाहुण्यांनी नाव चुकवलं, तिनं भर सभेत दुरुस्त करून घेतलं.
गर्दी पांगल्यावर पुढे झालो,
म्हटलं, मॅडम, तो कागद... परत मिळेल का?
तिनं चष्मा पुसला. ओळखलं, दोन रुपयांच्या पावतीसकट ओळखलं.
"कागद आता विभागाच्या मालकीचा आहे.
अर्ज करा," म्हणाली. "कारण लिहा."
आणि एक पेढा हातावर ठेवला.

तीन वर्षं झाली.
अर्जाचा नमुना सोपा आहे. नाव लिहितो.
पत्ता पाडायला आलाय.
तिसऱ्या रकान्यापाशी चहा निवतो.

बाहेर भंगारवाला काटा घेऊन उभा,
विचारतोय, वह्या किलोवर देणार का, काका?
"ही सोडून," म्हणालो.
त्यानं वही उघडून पाहिली, उलटी धरून,
म्हणाला, हिच्यात तर अर्धं पान कोरंच आहे.