येण्याचं कारण

आमच्या वाडीत शिरायचं तर
आधी लाल-पांढरा आडवा बांबू लागतो,
मग पत्र्याची खोली, मग मी.
टेबलाचा एक पाय मोडका, तिथं जांभा दगड.
वही वनखात्याची, रकाने कन्नडात :
नाव, गाव, गाडी नंबर, येण्याचं कारण,
आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ.
दहावीत कन्नडात ऐंशी पडले
म्हणून ही खुर्ची मला.
रोजंदारीवर, पण खुर्ची.

शनिवारी बेळगावची पोरं येतात,
बंगळूरच्या गाड्या, काचा वर.
नेटवर्क कुठं येतं, विचारतात.
मी हेळ्याचं झाड दाखवते,
त्याच्या बुंध्याला पाठ लावली तर एक काडी.

एकदा तिघंजण आले वटवाघळासाठी.
म्हणाले, जगात फार थोड्या गुहांत राहतं ते,
त्यातली एक तुमच्या घरामागं.
मी लिहिलं, संशोधन.
बाकड्यावर मष्णू घाडी तंबाखू मळत होता.
"पाकोळीचं नाव लिवून घेतलंस काय गं?
रोज सांजचं भायेर जातीय,
कुणाला न सांगता."

नियम असा की वाडीच्या माणसानंही लिहायचं.
मष्णूआज्जाचं कारण रोज वेगळं.
सोमवारी : मीठ घेऊन परत.
मंगळवारी : म्हस रुसलीय, समजूत काढाय.
बुधवारी : "लिव की, झोपाय."
ईरण्णा हादिमनी साहेब तपासणीला आले,
चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले.
"निद्दे?" म्हणाले,
आणि हसू दाबत सही केली.

गेल्या चैत्रात बावीसातली चौदा घरं उठली.
पैसे बँकेत, प्लॉट खानापूरच्या वाटेवर,
नळ आहे, दवाखाना आहे. खरं आहे ते.
मी त्यांना नावं ठेवत नाही.
माझ्या बहिणीचं पहिलं मूल याच रस्त्यावर गेलं,
जीपमध्ये, बांबू वर होत असताना.
त्या दिवशीच्या पानावर
फक्त जीपचा नंबर आहे.

परवा रुक्माण्णा गावडा आला, उठलेल्या चौदातला.
इस्त्रीचा शर्ट, मुठीत बसचं तिकीट.
बांबू वर होता, तरी थांबला.
"भायेरच्याला पन्नास की वो?"
मला 'वो' म्हणाला.
ज्याच्या खांद्यावर बसून मी शाळेचा ओढा ओलांडला,
तो मला.

कारण? मी विचारलं. विचारावंच लागतं.
तो रकान्याकडं बघत राहिला,
जणू पाणी किती खोल ते बघतोय.
"मांजर ऱ्हायलंय," म्हणाला.
"पोत्यातनं नेलं हुतं,
जांबोटीच्या पुलावर उडी मारली."
मी लिहिलं, बेक्कु.
साहेबांच्या भाषेत ते अगदी सरकारी दिसलं.
पावती फाडली नाही.

बाहेर आल्याची वेळ : पाच चाळीस.
हात रिकामे. मनगटावर ताजा ओरखडा,
त्यावर दगडीपाल्याचा हिरवा रस.
"वळखतंय अजून,"
आणि बरं वाटल्यासारखा हसला.
बस चुकली असणार त्याची.
मी विचारलं नाही, तोही थांबला नाही.

सहाला बांबू खाली. दोरीला दोन गाठी.
मग मीच वाकून त्याच्याखालून जाते,
कारण माझी चूल आतल्या बाजूला.
जाण्याआधी स्वतःचं नाव लिहायचं.
नाव येतं, गाव येतं,
पुढच्या रकान्यापाशी पेन अडतं.
काल लिहिलं, उजेड आहे तोवर.
आज काही सुचेना.

पलीकडं मष्णूआज्जा बॅटरी घेऊन उभा,
उजेड जमिनीकडं धरलेला.
"रुक्माण्णाच्या फणसावर अस्वल आलंय," म्हणाला.
"सावकाश ये गं बाई.
जेवूलालंय ते."