चार वाजून बारा मिनिटं

एकतीस मार्चला जुनी जागा बंद होणार होती.
कंपनीची नोटीस तीन ओळींची
आणि शेवटी एक हसरा चेहरा.

सामान म्हणावं तर काहीच नव्हतं,
अकरा वर्षांची बोलणी फक्त.
प्रोग्रामिंगची एक ओळ न लिहिता
सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांची.
चौकोन ओढायचा, चौकोनाला चौकोन जोडायचा,
अडलं की विचारायचं.

सियागंजातल्या झुबेर कागदीनं
सुतळीच्या दुकानाची उधारी अशी बसवली.
शेवंता पाटोळे मूसाखेडीत पाळणाघर चालवते,
तिनं, संध्याकाळी कोणतं मूल कुणाच्या हाती द्यायचं ते.
रेशीमवाले सरांनी रिटायर झाल्यावर
स्वतःच्या रक्तदाबाचा आलेख केला,
त्यात सुनेचा फोन आलेले दिवस तांबडे.

आणि मी. रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर.
दिवसा सीएच्या ऑफिसात लोकांची व्हाउचरं,
रात्री ही माणसं.
पगार नाही, पद नाही.
फार पूर्वी एकदा विचारून बसले,
इथला कचरा कोण काढतं?
तेव्हापासून मीच.

तर ऐन मार्चमध्ये, शनिवारी रात्री
जेवणं आटोपल्यावर उचलायला घेतलं.
पट्टी सरकत होती मुंगीसारखी.
अठ्ठ्याऐंशीवर मी टेबलावरच झोपले.
कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत गल्लीत शिरली
तेव्हा जाग आली. झालं होतं.

उघडून पाहिलं.
शब्द सगळे पोचले होते,
तारखा वाटेत कुठेतरी सांडल्या.
नव्या जागेची समजूत अशी
की हे सगळं आजच घडलंय,
पहाटे चार वाजून बारा मिनिटांनी.

चार बाराला झुबेर म्हणाला, हो नी रिया भिया.
चार बाराला म्हणाला, हो गिया.
चार बाराला शेवंतानं पहिलं मूल सांभाळायला घेतलं
आणि चार बाराला ते चौथीत गेलं.
काही उत्तरं प्रश्नांच्या आधीच येऊन उभी,
मुहूर्ताच्या दोन तास अगोदर पोचलेल्या मावशीसारखी.
आणि रेशीमवाले सरांच्या मुलानं कळवलेली बातमी
त्याच मिनिटाला,
सरांच्या "उद्या सविस्तर लिहितो"च्या
बरोबर वर.

मी ती खाली आणायचा प्रयत्न केला.
जागचं काही हलत नाही तिथे.

स्वतःचा पहिला प्रश्नही सापडला.
"बेरीज येते, वजाबाकी का येत नाही?"
खाली उत्तर, कुण्या 'पूर्वीचा सदस्य'चं.
सोडून गेलेल्या सगळ्यांचं हेच नाव झालं होतं.
"वजाबाकी वेगळी नसते ताई.
उलटं चिन्ह लावायचं आणि बेरीजच करायची."
महूचा होता का तो? की बाई होती?
एवढ्या एका वाक्यावर मी घर चालवलंय,
आणि नाव आठवेना.

आठ वाजता शेवंताचा निरोप.
माझं काही हरवलं का गं?
म्हटलं, नाही. वय तेवढं हरवलं.
म्हणाली, ते नको शोधूस.

पैसे भरले तर तारखा परत लावून देतो,
असं नव्या जागेचा माणूस म्हणतोय.
एका नोंदीला चाळीस पैसे. नोंदी एक लाख सहा हजार.
हिशेब मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
एकीचे चाळीस पैसे मी देऊ शकते,
पण एकच करून चालेल का, ते विचारायचं राहिलं.

नऊ वाजून सात मिनिटांनी कुणी नवीन आलं.
"नमस्कार. मी तृप्ती. देवासला आमची पिठाची गिरणी आहे.
मला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही.
कुठून सुरू करू?"

घड्याळ पाहिलं. नऊ सातच.
मी बोटं ठेवली कीबोर्डवर,
तेवढ्यात खाली दिसलं,
झुबेर लिहीत आहे.
मग थांबला.
मग पुन्हा लिहीत आहे.