नडी

पावलाच्या पाठीवर दोन बोटं टेकवून
दानेश्वरी मॅडम नाडी हुडकत होत्या.
उजव्यात लगेच सापडली.
डाव्यात डोळे मिटून बसल्या बराच वेळ,
विहिरीत बुडालेल्या घागरीसाठी
गळ फिरवावा तशा.

"आहे," म्हणाल्या शेवटी. "बारीक आहे."

चाळीस वर्षं निपाणीच्या वखारीत
काट्यावर बसलो मी.
बोदाला हात लावला की
पावशेराचा फरक कळायचा.
दिवसाला दोन कट्टे विड्या ओढल्या,
त्यांचं वजन कुणी केलं नाही.

गोळ्या लिहून झाल्या, विडी सुटली,
आणि मॅडम म्हणाल्या, "नडी."
म्हटलं, नड आहे म्हणूनच तर आलो की.
हसल्या. गोकाकच्या त्या.
कानडीत नडी म्हणजे चाल.

चालायचं, पोटरी आवळेपर्यंत.
आवळली तरी अजून थोडं.
मग थांबायचं, कळ उतरू द्यायची,
मग परत. असं अर्धा तास.

पहिल्या दिवशी अक्कोळ रोडला चार खांब झाले.
पाचव्याशी कुणीतरी
डाव्या पोटरीत ओला टॉवेल पिळायला घेतला.

गावात नुसतं उभं राहणं अवघड.
मुजावरांच्या बाबासाबनं गाडी थांबवली:
"पिराजीमामा, कुणाची वाट बघताय?"
रक्ताची, असं कसं सांगू?
म्हटलं, बोर्ड वाचतोय.

बोर्ड कानडीत.
जन्म ह्या गावात गेला
आणि ती अक्षरं मी वाचली नव्हती.
येत नव्हतं असं नाही, शिकलोच नाही, हट्टानं.
तो हट्ट आमच्या घरी
देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर पुसून ठेवायचे.
आता कळ उतरेपर्यंत दोन-तीन मिनिटं
दुसरं बघायला होतं काय?

खांबावर लाल पाटी. कवटी, दोन हाडं,
खाली तीन अक्षरं.
कागदावर उतरवून नातीला दाखवली.
ती शाळेत शिकते. बोट ठेवून म्हणाली,
अ. पा. य.

अपाय.
हे तर आपलंच.
आणि त्याच्या पोटात पाय,
इतकी वर्षं, माझ्याच रस्त्यावर.

रात्री शेवंता बॅटरी लावून
बोटांच्या बेचक्या बघते, जखम नाही ना.
लग्न ठरवताना माझं तोंडसुद्धा
एवढं निरखलं नव्हतं तिनं.

सहाव्या आठवड्यात नऊ खांब.
थंडी पडली तशी परत सहावर आलो.
मॅडमनी वहीत सहा लिहिलं,
बोलल्या काही नाहीत.
त्या दिवशी विडीची फार आठवण झाली.
दुकानावरचं औषध हे अक्षर
जोडून जोडून वाचत उभा राहिलो.

आज अकरावा.
समोर सोसायटीचा बोर्ड, तीन ओळींचा.
दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होतो
तेवढ्यात कळ उतरली.

मॅडमना सांगणार नाही,
पण मी अजून जरा
तिथंच उभा राहिलो.