येतो म्हणावं

पहाटे पाच. कार्नीच्या आर्मरीबाहेर
एकवीस मोटारसायकली, चाकाला चाक लावून,
आणि माझी बाविसावी, जपानी, जुनी,
चोक ओढल्याशिवाय न बोलणारी.
"शेवटी लाव," व्हर्लिन हाउके पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"म्हणजे पडलास तरी कोणावर पडणार नाहीस."
हे त्याचं स्वागत.

नियम तीनच.
झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही.
घरचे मिठी मारत असताना इंजिन बंद.
शिपाई बोलला तर बोलायचं, नाहीतर नाही.
युद्ध बरोबर की चूक, यावर
पेट्रोल भरतानासुद्धा तोंड उघडायचं नाही,
हा चौथा, पण तो कुठे लिहिलेला नाही.

चौतीस पोरं निघाली होती.
पोरंच. एकाच्या गालावर उशीची घडी अजून उमटलेली.
टेसा कुबिचेक, आमच्याच कारखान्यात व्हॉल्व्ह मोजायची;
तिचा बाप तिच्या पिशवीचा पट्टा
पुन्हा पुन्हा घट्ट करत होता.
घट्टच होता तो.

मी साताऱ्याकडचा. आमच्या आळीत घरटी एक फौजेत.
सुट्टी संपली की आई तळहातावर दही घालायची,
आणि निघणारा चुकून "जातो" म्हणाला
तर काकू त्याच्या तोंडावर हात ठेवायची.
येतो म्हणावं.
हे मी व्हर्लिनला सांगितलं, हात चोळत, असंच,
थंडी सरावी म्हणून.
"पण तो तर जातोय."
हो.
"आणि म्हणायचं, येतो."
हो.
तो बराच वेळ नुसता वाफ सोडत राहिला.
मग नियम मोडून बसच्या दाराशी गेला
आणि टेसाला म्हणाला, "येटो."
"काय?"
"काही नाही. म्हण फक्त."
ती म्हणाली. मागचा पोरगा म्हणाला, हसत.
ड्रायव्हरसुद्धा.

बसच्या पुढे अकरा, मागे अकरा,
हायवेच्या फाट्यापर्यंत.
मार्च होता. प्लॅट नदीवरून करकोचे उठत होते, हजारोंनी,
त्यांचा तो घशातला आवाज हेल्मेटच्या आत शिरत होता.
फाट्यावर आम्ही थांबलो.
बस थांबत नसते.

परतीची बस चार तास उशिरा.
फेब्रुवारी, रस्त्याकडेला करडा बर्फ, आम्ही एकोणीस.
व्हर्लिनची गाडी लॉर्नाने ट्रेलरवर घालून आणली,
रांगेत त्याच्या जागी उभी केली,
आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली,
"घरी नुसती बॅटरी उतरत होती."

चौतीस उतरले. मी मोजले.
सगळेच मोजतात, ओठ न हलवता.
टेसाचा बाप काहीच बोलला नाही,
तिची पिशवी तेवढी काढून घेतली.
इंजिनं बंद. कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं,
ते कोणाचं ऐकणार?

मग ती रांगेवरून चालत आली,
प्रत्येकाच्या जॅकेटवरचं नाव वाचत,
आणि त्या गाडीपाशी थांबली.
"आला नाही?"
"नोव्हेंबरमध्ये," लॉर्ना म्हणाली. एवढंच.
टेसाने टाकीवर हात ठेवला.
थंडगार असणार, तरी उचलला नाही.
लॉर्ना म्हणाली, "तू गेलीस त्या दिवशी
तो घरभर काहीतरी म्हणत फिरत होता.
मला नीट ऐकू आलं नाही. काय होतं ते?"

टेसाला आठवेना.
एवढ्या महिन्यांत, तिकडे,
कुठे सांडला असेल एक शब्द.
तिने रांगेच्या टोकाला पाहिलं, माझ्याकडे.
"तूच शिकवलास ना? सांग."
शिपाई बोलला तर बोलायचं.

"येतो," मी म्हणालो.

लॉर्ना दोनदा म्हणून पाहिलं.
दुसऱ्यांदा तिला त बरोबर जमला,
व्हर्लिनला कधीच जमला नव्हता.
बायका येते म्हणतात,
हे मी तिला सांगितलं नाही.
तो तिचा शब्दच नव्हता.

चोक ओढला.
चौथ्या किकला सुरू झाली.